सतरा डब्यांची बोट आणि पस्तीस हजार ब्रासचा किल्ला

विरार लोकलचा एक डबा साधारण २१ मीटर लांब असतो. हा आकडा खिशात घालून ठेवा, पुढे पदोपदी लागणार आहे. बोटी, किल्ले, चर्च, तटबंद्या, सगळं आज आपण लोकलच्या डब्यांनी मोजणार आहोत. अर्नाळ्याहून समुद्रमार्गे निघायचं आणि जागतिक वारशाच्या जागा बघत गोव्यापर्यंत जायचं, तर पट्टी आपल्या घरचीच असलेली बरी.

बोटींपासून सुरुवात करू. अर्नाळा वैतरणेच्या मुखाशी आहे. त्या नदीच्याच नावाची एक आगबोट होती, 'वैतरणा'. तिच्यावरच्या विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणायचे. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला येताना ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. एवढी माणसं घेऊन जाणाऱ्या त्या बोटीची लांबी होती जेमतेम ५२ मीटर. म्हणजे अडीच डबे.

आता आजची बोट घ्या. १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला नौदलाच्या ताफ्यात एक नवी युद्धनौका दाखल झाली, 'आयएनएस अर्नाळा'. होय, आपलंच अर्नाळा. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकून काढणं हे तिचं काम, आणि या जातीच्या नौकांमधली ती पहिली. लांबी ७७ मीटर, वजन १,४९० टनांच्या वर. ब्रीदवाक्य 'अर्णवे शौर्यम्'. याआधीही एक 'अर्नाळा' नौदलात होती, ती १९९९ मध्ये निवृत्त झाली. बोंबील वाळत घातलेल्या किनाऱ्यासमोरच्या बेटाचं नाव दोन-दोन युद्धनौकांना! बरं, लांबी किती म्हणालो? ७७ मीटर. पावणेचार डबे. फलाटावर उभी केली तर लेडीज डब्यापाशी सुरू होऊन फर्स्ट क्लासच्या आसपास संपेल.

इथून पुढे उडी मोठी आहे, जरा दांडा धरून उभे राहा.

मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप अशा सहली करणारी कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' २११ मीटर लांब आहे. दहा डबे. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली ही बोट क्रूझच्या दुनियेत आता म्हातारीच म्हणायची, आणि आकारानेही किरकोळ. कारण जानेवारी २०२४ मध्ये जी 'आयकॉन ऑफ द सीज' समुद्रात उतरली, तिची लांबी ३६५ मीटर. चर्चगेट-विरार मार्गावरची पंधरा डब्यांची गाडी घ्या. तिला मागे आणखी दोन डबे जोडा. तरी बोटीचं टोक थोडं पुढेच उरेल. आणि ही फक्त लांबी झाली. तिच्यावर मजले वीस आहेत. सतरा डब्यांची लोकल, आणि तिच्यावर वीसमजली टॉवर, आणि हे सगळं तरंगतंय.

तिच्यात माणसं किती मावतात? प्रवासी जास्तीत जास्त ७,६००, नोकरचाकर २,३५०. एकूण ९,९५०.

आता खरी गंमत. सकाळच्या गर्दीत बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार ते पाच हजार माणसं असतात. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रूझ बोटींपैकी एक, जिच्यात सात पोहण्याचे तलाव आहेत, ती पूर्ण भरली, अगदी स्वयंपाकी आणि सफाईवाल्यांसकट भरली, तरी तिच्यातली माणसं होतात दोन विरार फास्टएवढी. फक्त दोन! आपण विरारकर मंडळी रोज सकाळी जे पंधरा मिनिटांत फलाटावरून उचलतो, त्याला तिकडे वर्षभर आधी बुकिंग लागतं.

फरक आहे तो जागेचा. या बोटीचं ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे. नावात टन असला तरी हे वजन नव्हे, बोटीच्या पोटातल्या जागेचं माप. त्याचं सूत्र जहाजवाल्यांवर सोपवू आणि उत्तर घेऊ: साधारण ७ लाख ८० हजार घनमीटर. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल अशी गावची चांगली विहीर डोळ्यांसमोर आणा. अशा जवळजवळ २,२०० विहिरींचं पोट एका बोटीत बसतं. ही जागा ९,९५० जणांत सारखी वाटली तर डोई किती येते? पंधरा बाय अठराची, दहा फूट उंचीची एक खोली. इंजिन, जिने, कोठारं सगळं धरूनच हा हिशेब आहे, पण आकडा बघा: म्हाताऱ्या-कोताऱ्यांपासून बोटीच्या वाढप्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला विरारचं एक वन रूम किचन. लोकलमध्ये हीच वाटणी केली तर प्रत्येकाला मिळतं अडीच फुटांचं खोकं. त्यात तुम्ही, तुमची बॅग, डबा आणि शेजाऱ्याचं कोपर. दीडशे पटीहून जास्त फरक! आणि तरी बोरिवलीला उतरायचा विचारसुद्धा करायचा नाही.

पैशाचं म्हणाल तर ही बोट बांधायला सुमारे दोन अब्ज डॉलर लागले. रुपयांत धरा १७,००० कोटी. पाचशेच्या नोटांत ३४ कोटी नोटा. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब. नोटेला नोट लावत निघालात तर ५१,००० किलोमीटर जाल. मुंबई-पुणे ३४० वेळा. नको, मुंबई-पुणे इथे अपुरं पडतंय. पृथ्वीला एक फेरा पुरा होऊन नोटा आणखी अकरा हजार किलोमीटर शिल्लक राहतात. आणि आपलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस? फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभं केलं, खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. महागाई बाजूला ठेवून नुसता रुपयाला रुपया लावला तर एका क्रूझ बोटीच्या किमतीत एक लाख पाच हजार सीएसएमटी! हा हिशेब अर्थशास्त्राच्या मास्तरांना दाखवू नका. पण करून बघायला मजा येते हे खरं.

आता सगळ्या जगातल्या क्रूझ बोटी एकत्र करू. २०२४ या वर्षात जगभरात समुद्रावरच्या क्रूझ सहली केलेल्या प्रवाशांची संख्या ३ कोटी ४६ लाख. कॅरिबियन, भूमध्य समुद्र, अलास्का, नॉर्वे, सगळं आलं यात. मुंबईच्या लोकल रोज सत्तर लाखांहून अधिक प्रवास घडवतात. करा भागाकार. जगाने वर्षभरात जेवढी क्रूझ केली, तेवढी माणसं आपली लोकल सोमवारी पहाटे सुरुवात करून शुक्रवारी रात्रीपर्यंत हलवते. शनिवार-रविवार मेगाब्लॉकला मोकळे.

मुंबईनेही तयारी केलीय. बॅलार्ड पिअरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. खर्च ५५६ कोटी, बांधकाम सव्वाचार लाख चौरस फुटांच्या आसपास, तपासणी आणि इमिग्रेशनची ७२ काउंटर, एका वेळी पाच बोटी लागतील अशी सोय, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता. दहा लाख! लोकलच्या हिशेबात तीन तास. पण थट्टा पुरे. ज्या देशाला एवढा समुद्र लाभलाय, तिथे इतकी वर्षं समुद्रातून फिरायला जायला धड धक्का नव्हता, आता झाला.

एवढा म्हणजे केवढा समुद्र? शाळेत आपण पाठ केलं होतं, भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर. गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तो ११,०९८ किलोमीटर झाला. एक इंचही जमीन न वाढता किनारा ३,५८२ किलोमीटरने वाढला! पूर्वी ढोबळ नकाशावरून मोजलं होतं, आता बारीक नकाशावर मोजलं, त्यामुळे प्रत्येक खाडी, प्रत्येक नाळ, प्रत्येक भूशिर हिशेबात आलं. वाढच नुसती चोवीस मुंबई-पुणे भरते. महाराष्ट्राचा किनारा नव्या मोजणीत ८७७ किलोमीटर आहे. वसईच्या, वैतरणेच्या खाड्यांनी आपापला वाटा त्यात टाकलाच असणार.

बोट झाली, समुद्र झाला. बघायचं काय? जागतिक वारसा यादी. १९७२ च्या युनेस्को करारानुसार १९७८ मध्ये पहिली यादी निघाली तेव्हा तिच्यात १२ जागा होत्या. जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीनंतर त्या झाल्या १,२४८. १७० देशांत पसरलेल्या. सांस्कृतिक ९७२, नैसर्गिक २३५, दोन्ही प्रकारच्या ४१. इटलीकडे ६१, चीनकडे ६०, भारताकडे ४४.

समजा तुम्ही ठरवलंत, सगळ्या बघायच्या. दर आठवड्याला एक. सुट्टी नाही, आजारपण नाही, मुलाची दहावी नाही. १,२४८ आठवडे, म्हणजे चोवीस वर्षं. जमेल म्हणता? थांबा. त्या एकट्या बैठकीत यादीत २६ नव्या जागा आल्या. दरवर्षी तेवढीच भर पडते असं धरलं तर तुम्ही वर्षात ५२ बघता आणि मागून २६ येतात. निव्वळ घट वर्षाला २६. चोवीस वर्षांची होतात बरोबर अठ्ठेचाळीस! तिसाव्या वर्षी निघालेला माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घरी येईल, २,४९६ जागा बघून. आणि दर पंधरवड्याला एकच बघत गेलात तर यादी कधीच संपणार नाही. इकडे एक खोडली की तिकडे एक वाढली.

म्हणून थोडक्यात काम होईल अशी वाट शोधायला हवी, आणि ती आपल्या दारातून जाते. मुंबई ते मुरगाव समुद्रमार्गे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. पावणेतीन मुंबई-पुणे. एवढ्या पट्ट्यात किती वारसास्थळं? बोटीत पाय ठेवायच्या आधीच दोन: सीएसएमटी, २००४ साली यादीत आलेलं, आणि फोर्ट ते मरीन ड्राइव्ह पट्ट्यातल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती, २०१८. दुसऱ्या नोंदीत इमारती किती? ९४. बॅलार्ड पिअरवरून चालत निघालात तर दुपारच्या जेवणाआधी दोन्ही होतात. तिसरं घारापुरी, १९८७. तिथली त्रिमुखी शिवमूर्ती अठरा-वीस फूट उंच, म्हणजे दुमजली घराएवढी, आणि ती बाहेरून आणून बसवलेली नाही, डोंगर पोखरत पोखरत आतून काढलेली. जे नको ते काढून टाकलं आणि जे उरलं तो महादेव. चौथी नोंद 'मराठा लष्करी भूप्रदेश', ११ जुलै २०२५, 'आयएनएस अर्नाळा' दाखल झाल्यावर तेविसाव्या दिवशी. पाचवी गोव्याची चर्च, १९८६. आणि डाव्या हाताला क्षितिजावर सह्याद्री दिसत राहतो, तो सहावा: पश्चिम घाट, २०१२, लांबी १,६०० किलोमीटर, नोंदीत ३९ तुकडे, त्यातले चार महाराष्ट्रातले. एका रात्रीच्या प्रवासात सहा! आठवड्याला एक या हिशेबाने दीड महिन्याचं काम तुम्ही झोपेत उरकलंत.

गोव्याचं जाता जाता सांगून टाकतो, कारण मन पुढे किल्ल्यांकडे धावतंय. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल २५० फूट लांब आहे, ७६ मीटर. आपली 'आयएनएस अर्नाळा' किती? ७७. सरळ आत घातली तर नाक तेवढं मीटरभर दाराबाहेर राहील.

आता किल्ले. मराठा लष्करी भूप्रदेशाच्या नोंदीत बारा आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. यातले चार आपल्या जलमार्गावर लागतात. खांदेरी थळच्या समोर, सुवर्णदुर्ग हर्णैला, मग विजयदुर्ग, मग मालवणचा सिंधुदुर्ग.

अर्नाळा यात नाही. वाईट वाटायचं तर वाटू दे, मलाही वाटतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातच्या सुलतानाच्या वेळची गढी, मग पोर्तुगीज, मग १७३७ मध्ये मराठे, शेवटी १८१७ ला इंग्रज. तीनशे वर्षांत चार धनी. ओहोटीला होडीत चढायचं तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडावी लागते, समोरच्या बेटावर उतरायला दहा-पंधरा मिनिटं. दरवाज्यावर हत्ती आणि वाघ कोरलेले, बाजीरावांचं नाव असलेला शिलालेख, आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं. चारही बाजूंना खारं पाणी आणि मधोमध आठ कोनांत गोडं! तटाची उंची पंचवीस-तीस फूट, म्हणजे लोकलवर लोकल चढवली तर जेमतेम माथा दिसेल. आणि या किल्ल्याभोवती आजही कोळ्यांची वस्ती आहे, होड्या आहेत, शाळेत जाणारी पोरं आहेत. तिकीट काढून बघायचं स्मारक कुठलं, राहतं गाव आहे ते.

पण आपण चार किल्ल्यांवर होतो. क्रूझच्या जाहिरातीत वाटतं, बोट किल्ल्याच्या दाराशी लागेल आणि कॅप्टन म्हणेल, उतरा. साफ चूक! सतरा डब्यांच्या त्या बोटीला तरंगायला तीस फूट पाणी लागतं. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखालच्या खडकांचं असं काही जाळं आहे की वाट माहीत नसलेल्याने होडीसुद्धा जपूनच घालावी. आणि हा योगायोग नाही. मोठ्या बोटी जवळ येऊ नयेत म्हणूनच तर जागा अशा निवडल्या. इंग्रजांच्या, पोर्तुगीजांच्या, सिद्दीच्या जहाजांना दूर ठेवायला जे बांधलं, ते साडेतीनशे वर्षांनी पर्यटकांच्या जहाजालाही दूर ठेवतंय. किल्ला अजून ड्यूटीवर आहे!

विजयदुर्गाची तर कमाल बघा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे समुद्रात, पाण्याखाली, एक भिंत नोंदली आहे. १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच, ७ मीटर रुंद. सहा डब्यांची लोकल समुद्रतळाशी आडवी घातल्यासारखी, आणि रुंदीला तर दोन गाड्या शेजारी शेजारी. वरून काही दिसत नाही. शत्रूचं जहाज ऐटीत यायचं आणि बुडाला दगड लागायचा. बांधकामाच्या भाषेत शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास; त्या हिशेबाने नऊशे ब्रास दगड, आणि तोही जिथे पाय टेकत नाही तिथे.

मोठ्या बोटी दूर ठेवायची हौस आता जगालाही लागलीय, हे मध्येच सांगायला हवं. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून शहरासमोरच्या कालव्यात २५,००० ग्रॉस टनांवरच्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब बोटींना बंदी केली. १८० मीटर म्हणजे साडेआठ डबे. आपल्या जुन्या नऊ डब्यांच्या लोकललासुद्धा व्हेनिसमध्ये प्रवेश नाही! क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकने एका वेळी दोन बोटी आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा आखली. चार हजार माणसांनी शहर गुदमरतं म्हणे. आपल्याकडे चार हजार माणसं चढली की डब्यातून आवाज येतो, अजून जागा आहे, आत सरका. आणि गालापागोस बेटांवर तर एका बोटीत शंभराच्या वर प्रवासी चालत नाहीत. शंभर म्हणजे लोकलच्या एका दारात लटकणारे आणि त्यांच्यामागचे तेवढे. पण गंभीरपणे सांगायचं तर त्यांचं बरोबरच आहे. दोन लोकल एकदम मालवणच्या जेट्टीवर रिकाम्या केल्या तर मालवणी माणूससुद्धा आदरातिथ्य विसरेल.

तर मालवणला मोठी बोट सोडा, छोटी होडी घ्या आणि सिंधुदुर्गावर चला. इथे आकडे वेडे होतात.

कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी. १६६७ मध्ये काम पुरं. बांधकामाची देखरेख हिरोजी इंदुलकरांची. क्षेत्रफळ ४८ एकर. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तटबंदीची लांबी सुमारे ३ किलोमीटर. म्हणजे पंधरा-पंधरा डब्यांच्या साडेनऊ लोकल, एकीला एक जोडून, समुद्रात नागमोडी उभ्या केलेल्या. उंची ३० फूट. जाडी १२ फूट. लोकलचा डबा साधारण बारा फूटच रुंद असतो, म्हणजे तटावरून गाडीच चालवता येईल, वळणांचं काय ते मोटरमनने बघून घ्यावं.

आता गुणाकार करा, माझ्याबरोबर करा. ३ किलोमीटर म्हणजे ९,८४० फूट. गुणिले तीस. गुणिले बारा. पस्तीस लाख चाळीस हजार घनफूट! मघाच्या त्या विहिरी आठवतात? दोनशे ऐंशी विहिरी काठोकाठ दगडांनी भरा. एवढा हा तट. मुकादमाच्या भाषेत पस्तीस हजार चारशे ब्रास. बुरूज यात धरलेले नाहीत. दरवाजे धरलेले नाहीत. पाया तर धरलेलाच नाही, आणि पायात शिसं ओतल्याचं सांगतात ते वेगळंच. 'आयकॉन ऑफ द सीज'च्या पोटात ही तटबंदी पावणेआठ वेळा मावेल, पण पहिलीच भरताना बोट तळाला जाईल, कारण दगडाचं वजन होतं काही नाही तरी सव्वादोन-अडीच लाख टन. 'आयएनएस अर्नाळा' कितीची? दीड हजार टनांची. तिच्यासारख्या दीडशे युद्धनौका वितळवून एका ढिगात ओतल्या तर या तटाचं वजन भरेल.

आणि वेळ किती मिळाला? तीन वर्षं म्हणायला. पण कोकणात पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद. ते वजा केले की उरतात साडेसातशे दिवससुद्धा नाहीत. हिशेबाला ७३० धरू. रोज ४८ ब्रास दगड तटावर चढला पाहिजे. तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला बिल्डरने किती महिने घेतले ते आठवा, आणि मग पुन्हा वाचा. रोज ४८ ब्रास!

अजून पटत नसेल तर घमेल्यांनी मोजू. एका घमेल्यात २५ किलो. घडीव दगड घमेल्यात बसत नाही हे मान्य, पण वजन कुठे जातंय? ९२ लाख घमेली होतात. रोजची साडेबारा हजार. दहा तासांचा दिवस धरला तर तासाला साडेबाराशे, मिनिटाला एकवीस. म्हणजे दर तीन सेकंदांना एक घमेलं वर गेलं पाहिजे. एक, दोन, तीन, घमेलं. एक, दोन, तीन, घमेलं. जेवायला थांबायचं नाही, भरती आली म्हणून थांबायचं नाही, सिद्दीची गलबतं दिसली म्हणून थांबायचं नाही. मध्ये चार-चार महिने पाऊस कोसळू द्यायचा आणि उघडीप झाली की पुन्हा, एक, दोन, तीन, घमेलं.

आणि आता शेवटचं, मुंबई-पुण्याचं, जे मी इतका वेळ राखून ठेवलं होतं. साडेतीन ब्रासचा एक ट्रक भरा. असे ट्रक लागतील दहा हजार. प्रत्येक ट्रक नऊ मीटरचा, मागच्याला सहा मीटर जागा सोडायची, म्हणजे एकाला पंधरा मीटर. दहा हजार गुणिले पंधरा. दीड लाख मीटर. दीडशे किलोमीटर! पहिला ट्रक स्वारगेटला पोचलेला, शेवटचा अजून सायनच्या सिग्नलला अडकलेला, आणि मध्ये वाशीचा पूल, पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा, तळेगाव, सगळा रस्ता एका ओळीत दगडांच्या ट्रकांनी भरलेला, पुढे हॉर्न वाजला की मागे पोचायला सात-आठ मिनिटं. हा एका किल्ल्याचा तट झाला. यादीत अकरा अजून आहेत.